आधी काय मोडावं?

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका माझ्यासमोर खुर्चीत बसले होते. वय बासष्ट. खालची उजवी दाढ जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिथे तीन महिन्यांपूर्वी इम्प्लांट बसवलं होतं, ते हाडात चांगलं धरलं होतं आणि आता त्यावर कॅप बसवायची होती. माप घेऊन झाल्यावर कॅप कशाकशाची होऊ शकते हे मी सांगायला लागलो, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "डॉक्टर, त्यातलं समदं तुम्हाला ठावं. मला येकच सांगा, सगळ्यात मजबूत कंचं? जे कधीच मोडणार न्हाई, ते बसवा."

हा प्रश्न मला जवळपास रोज ऐकावा लागतो. सांगलीत ऐकतो, पुण्याला मुलाकडे राहणाऱ्यांकडून ऐकतो, परदेशातून फोनवर आईवडिलांची चौकशी करणाऱ्यांकडूनही ऐकतो. त्या दिवशी मी उत्तर न देता उलट विचारलं, "काका, तुमच्या रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट आहे ना?"

"हाय की."

"तो मोडतो का कधी?"

"मोडायलाच पायजे. दगड लागला की तो मोडतोय. वीस रुपयाचा बोल्ट. एकदा गड्यानं तिथं भारीतला हायटेन्शन बोल्ट घातला. बोल्ट ऱ्हायला, गिअरबॉक्स गेलं." बोलता बोलता ते थांबले. मग म्हणाले, "म्हंजे दातातबी तसलाच बोल्ट पायजे म्हणताय व्हय?"

मी म्हणतो ते हेच, आणि ते नीट मांडावं म्हणून हा लेख लिहितो आहे. इम्प्लांटवरच्या दातासाठी साहित्य निवडताना 'सगळ्यात मजबूत कोणतं' हा प्रश्न आपण पहिला विचारतो, पण तो पहिला असू नये. पहिला प्रश्न असा हवा, की उद्या या तोंडात काही मोडायचंच झालं तर काय मोडावं, आणि ते कोण, कुठे, किती दिवसांत दुरुस्त करून देईल? याचं उत्तर मिळालं की झिर्कोनिया, मेटल सिरॅमिक, ॲक्रिलिक हे सगळं आपोआप आपापल्या जागी बसतं. ते न विचारता निवडलेलं महागातलं महाग साहित्यही चुकीच्या जागी जाऊन बसतं.

इम्प्लांटला आपण 'नवा दात' म्हणतो, पण ते दाताचं मूळ नाही. खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. आपण चावतो तेव्हा दात या थरात किंचित दबतो, साधारण २५ ते १०० मायक्रॉन, म्हणजे फार तर एका केसाच्या जाडीइतका. इम्प्लांटला हा थर नसतो. टायटॅनियम आणि हाड एकमेकांना थेट चिकटलेले असतात, म्हणून ते ३ ते ५ मायक्रॉनच हलतं. त्याच थरात दाताच्या संवेदनाही असतात. भातात खडा आला की आपण दाढ पूर्ण मिटायच्या आत थांबतो, ते या तंतूंमुळे. इम्प्लांटवरच्या दाताला ही जाण फारच कमी असते, हाड आणि स्नायू यांच्याकडून जेवढी येईल तेवढीच. शेजारचा खरा दात 'थांब' म्हणतो त्या क्षणी इम्प्लांटवरचा दात अजून जोर लावतच असतो. दाढेवर माणूस सहज काही शे न्यूटनचा जोर लावतो, आणि ज्वारीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, सोललेला ऊस खाणारी माणसं तो दिवसातून अनेकदा लावतात.

हा जोर कुठेतरी जातोच. कॅप, तिच्याखालचं ॲबटमेंट म्हणजे जोडतुकडा, त्या दोघांना धरून ठेवणारा स्क्रू, हाडातलं इम्प्लांट आणि शेवटी हाड, अशी ही साखळी आहे. कॅप मोडली तर एका-दोन खेपांत नवी बसते. स्क्रू ढिला झाला तर अर्ध्या तासाचं काम. तोच स्क्रू आत तुटला तर त्याचा तुकडा काढताना घाम फुटतो, कधी निघतच नाही. आणि इम्प्लांट चिरलं तर ते हाडासकट कोरून काढावं लागतं. मग जखम भरायची, हाड पुन्हा भरायचं, पुन्हा शस्त्रक्रिया. वरून खाली जाल तशी दुरुस्ती अवघड होत जाते. म्हणून साखळीतली सगळ्यात वरची कडीच आधी सुटावी, अशी रचना हवी.

ही गोष्ट या शास्त्राच्या जन्मापासून माहीत होती. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रॉनेमार्क १९५२ मध्ये लुंड इथे सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या नळ्या काम संपल्यावर निघेनात, हाडाने त्या धरून ठेवल्या होत्या. त्या निरीक्षणातून पुढे १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्ता लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवली गेली. २००६ मध्ये लार्सन वारले तोपर्यंत ती इम्प्लांट त्यांच्या कामी येत होती. आपण ही चाळीस वर्षांची गोष्ट सांगतो आणि तिथेच थांबतो. त्या काळी वर काय बसवत होते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. ते होते सोन्याच्या मिश्रधातूच्या सांगाड्यावर लावलेले ॲक्रिलिकचे दात, स्क्रूने बसवलेले, म्हणजे डॉक्टरला केव्हाही काढता येणारे. वरचा छोटा स्क्रू सोन्याचा असे आणि मुद्दाम खालच्या स्क्रूपेक्षा कमी जोराने आवळला जाई. काही बिघडायचंच झालं तर तो आधी ढिला पडावा किंवा तुटावा, खालचं सुरक्षित राहावं. ब्रॉनेमार्क यांच्या व्यवस्थेत शिअर बोल्ट होता. खालचं आयुष्यभराचं, वरचं बदलायचं, हा त्या रचनेमागचा विचार होता.

पुढे हा विचार एका वेगळ्या आणि मोहक सिद्धांतात गुंडाळला गेला. रिचर्ड स्कालाक या अभियंत्याने १९८३ मध्ये असं मांडलं, की इम्प्लांटला तंतूंची गादी नाही, म्हणून वरचे दात ॲक्रिलिकचे असावेत. ते धक्का शोषतील आणि हाड वाचेल. ऐकायला पटतं. मीही विद्यार्थी असताना हे पाठ केलं होतं. पण नंतर रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत ॲक्रिलिकचे दात आणि सिरॅमिकचे दात यांच्याखालच्या हाडाच्या झिजेत ठळक फरक दिसला नाही. तेव्हा मऊ साहित्य हाड वाचवतं, हा युक्तिवाद मी आज करत नाही, इतरांनीही तो सोडून द्यावा असं मला वाटतं. माझा मुद्दा वेगळा आहे. मऊ किंवा दुरुस्त होणारं साहित्य हाडाला वाचवतं की नाही हे बाजूला ठेवा. ते मोडतं तेव्हा ते बदलायला सोपं असतं आणि खालच्या कड्यांना हात लावावा लागत नाही. फायदा धक्क्याच्या क्षणी दिसणार नाही, दुरुस्तीच्या दिवशी दिसेल.

आता झिर्कोनियाकडे वळू, कारण आज सगळी गाडी तिथे येऊन थांबते. रुग्ण आत येतानाच "झिर्कोनियाच घाला" म्हणत येतो. या साहित्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये त्याच्याबद्दल लिहिताना त्याला 'सिरॅमिकचं पोलाद' म्हणावं का, असा प्रश्न मथळ्यातच विचारला होता. त्याची करामत अशी: चिरेच्या टोकाशी ताण आला की तिथल्या स्फटिकांची रचना बदलते, त्यांचं आकारमान चार-पाच टक्क्यांनी वाढतं आणि ती वाढ चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून धरते. साहित्य स्वतःच स्वतःची चीर थोपवतं. साध्या पोर्सेलिनची वाकवून मोडण्याची ताकद शंभर मेगापास्कलच्या आत असते, लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकची चारशेच्या आसपास, आणि या झिर्कोनियाची हजाराच्या घरात.

पण 'झिर्कोनिया' हे एका वस्तूचं नाव राहिलेलं नाही. त्यात यिट्रिया हे दुसरं ऑक्साइड किती मिसळलंय त्यावर ते ठरतं. तीन टक्क्यांच्या आसपास असेल तर ते सर्वात बळकट, पण दिसायला खडूसारखं अपारदर्शक. पाच टक्के केलं की दातासारखं पाणीदार दिसतं, पण चीर थोपवण्याचा तो गुण जवळजवळ जातो आणि ताकद निम्म्यावर येते. सुंदर दिसणारं झिर्कोनिया आणि जाहिरातीत हातोडा मारून दाखवलेलं झिर्कोनिया बहुतेक वेळा एकच नसतं. "झिर्कोनियाच ना?" एवढं विचारून काहीच कळत नाही.

शिवाय एकच पावडर आणि एकच नाव असूनही भट्टी बदलली की माल बदलतो. मऊ ठोकळ्यातून कॅप वीस-पंचवीस टक्के मोठी कोरतात आणि मग पंधराशे अंशांच्या आसपास भाजतात, तेव्हा ती आकसून मापात येते. हे भाजणं किती नाजूक असतं, हे हाडांच्या डॉक्टरांनी फार महाग पडून शिकलंय. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात झिर्कोनियाचे गोळे वापरले जात. फ्रान्समधल्या एका उत्पादकाने भट्टीची पद्धत बदलली आणि त्या भट्टीतून निघालेले गोळे माणसांच्या शरीरात फुटू लागले. २००१ मध्ये ते परत मागवावे लागले. साहित्याचं नाव तेच होतं. आपल्याकडे लॅबवर 'उद्या सकाळी कॅप हवी' असा दबाव असतो तेव्हा मला ही गोष्ट आठवते. आणि डॉक्टरांनी तोंडात कॅप बसवताना ती ड्रिलने थोडी घासली आणि पुन्हा नीट पॉलिश केली नाही, तर ती समोरचा खरा दात कानशीसारखी झिजवते. उलट आरशासारखं पॉलिश केलेलं झिर्कोनिया समोरच्या दाताला साध्या पोर्सेलिनपेक्षा कमी झिजवतं. म्हणजे समोरच्या दाताचं काय होणार, हे साहित्याच्या नावापेक्षा शेवटच्या पाच मिनिटांच्या पॉलिशवर अधिक अवलंबून आहे.

रुग्ण घेऊन येतात तो दुसरा शब्द म्हणजे 'मेटल-फ्री'. झिर्कोनियम हा धातूच आहे, कॅप होते ती त्याच्या ऑक्साइडची. ज्यावर ती बसते ते टायटॅनियमही धातूच. धातू म्हणून भिण्याचं कारण नाही. कोणता धातू, हे विचारायचं कारण आहे. स्वस्त मेटल सिरॅमिकमध्ये निकेल-क्रोमियम वापरलं जातं, आणि निकेलची ॲलर्जी बऱ्याच जणांना, विशेषतः बायकांना असते. म्हणून मी प्रत्येक बाईंना विचारतो, "खोट्या दागिन्यांनी कान-गळ्याला खाज सुटते का?" हो म्हणाल्या तर निकेल बंद, कोबाल्ट-क्रोमियम किंवा झिर्कोनिया. या निवडीची दुसरी बाजू रुग्णाला कधीच दिसत नाही. निकेलच्या काही मिश्रधातूंत बेरिलियम असतं. तो धातू लॅबमध्ये घासला जातो तेव्हा त्याची धूळ टेक्निशियनच्या फुप्फुसात जाते, आणि तो मुलगा बहुतेक वेळा तोंडाला रुमाल बांधून काम करत असतो. साहित्य निवडताना तोही माझ्या हिशेबात असावा, असं मला वाटतं.

दिसण्याच्या मोहाची किंमत काय असते, हे मला एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दाखवून दिलं. वरच्या दाढेवर मी त्यांना झिर्कोनियाचा गाभा आणि त्यावर सुंदर पोर्सेलिनचा थर असलेली कॅप दिली होती. गाभा हजार मेगापास्कलचा, वरचा थर शंभरच्या आतला. पावणेदोन वर्षांनी त्या आल्या. हातरुमालात गुंडाळून पोर्सेलिनचा नखाएवढा तुकडा आणला होता. "चिवडा खात होते हो, दिवाळीचा," म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती. चूक माझी होती. इम्प्लांटवर असे थर दिलेल्या कॅपचं पोर्सेलिन खऱ्या दातावरच्या कॅपपेक्षा जास्त उडतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. दिसायला छान म्हणून मी ते बाजूला ठेवलं. पण ती कॅप स्क्रूने बसवलेली होती. वरचं भोक उघडून मी ती पाच मिनिटांत काढली, तात्पुरती लावली आणि पंधरा दिवसांत एकसंध झिर्कोनियाची नवी बसवली. तीच कॅप सिमेंटने चिकटवलेली असती तर कापून काढावी लागली असती, आणि कापताना खालच्या स्क्रूला धक्का लागण्याची भीती राहिली असती. साहित्य चुकलं तरी जोडणी बरोबर होती, म्हणून माझी चूक निस्तरता आली.

म्हणून माझ्या मते साहित्याच्या आधी जोडणी ठरवावी. शक्य तिथे स्क्रू. सिमेंटची कॅप दिसायला नीटनेटकी असते, वर भोक नसतं, पण तिचं उरलेलं सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथे सूज येते, पू येतो आणि हाड जातं. झिर्कोनिया थेट टायटॅनियमच्या इम्प्लांटमध्ये बसवलं तर दोन कठीण साहित्यांच्या घर्षणात टायटॅनियम झिजतं, म्हणून मध्ये टायटॅनियमचा छोटा बेस हवा. आणि स्क्रू ठरलेल्या जोराने, टॉर्क रेंचनेच आवळायला हवा. बऱ्याच कंपन्यांसाठी हा आकडा ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर असतो. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा आवळायचा. हाताच्या अंदाजाने आवळलेला स्क्रू हा त्या काकांच्या गड्याने घातलेल्या बोल्टसारखाच.

आणि चावा. कॅप बसवल्यावर मी आठ मायक्रॉन जाडीची चकाकती पट्टी दातांमध्ये धरतो. हलकं मिटलं तर ती इम्प्लांटवरच्या दातावरून निसटून यायला हवी, शेजारच्या खऱ्या दातांवर अडकायला हवी. जोराने मिटलं तरच सगळीकडे अडकावी. खरे दात दबतात आणि इम्प्लांट दबत नाही, म्हणून त्याला एवढी सवलत द्यायची. रुग्णाला ही पट्टी दिसतही नाही, बिलात तिचा उल्लेख नसतो, आणि कॅप किती टिकेल हे तिच्यावर बरंच अवलंबून असतं.

एका दाढेपर्यंत ठीक आहे. खरा पेच पूर्ण जबड्याचा. सगळे दात गेलेल्या माणसाला चार किंवा सहा इम्प्लांटवर 'फिक्स दात' बसवतात. १९९० च्या दशकात लिस्बनला पाउलो मालो यांनी चार इम्प्लांटची पद्धत रुळवली, आज ती आपल्या तालुक्याच्या गावांतही पोचली आहे. इथे दोन वाटा: धातूच्या दांडीवर ॲक्रिलिकचे दात, किंवा एकसंध झिर्कोनियाचा अख्खा जबडा.

ॲक्रिलिकचे दोष मी लपवणार नाही. आमच्या सांगलीच्या हळदीने तो पिवळा पडतो, चहा-तंबाखूने काळवंडतो. काही वर्षांत दात झिजून गुळगुळीत होतात. एखादा दात निखळतो. पूर्ण जबड्याच्या ॲक्रिलिकची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. त्याला जागाही जास्त लागते, इम्प्लांटपासून दाताच्या टोकापर्यंत साधारण १५ मिलिमीटर. तेवढी नसेल तर तो पातळ होऊन तुटतो. झिर्कोनिया डागत नाही, झिजत नाही, त्याच्यावर अन्नाचं कीटण कमी चिकटतं, हिरडी त्याला चांगली स्वीकारते.

तरीही पहिल्या वर्षी मी झिर्कोनिया बसवत नाही. पहिल्या वर्षात हाड आणि हिरडी स्थिरावत असतात, माणूस पुन्हा चावायला शिकत असतो, स-श-फ हे उच्चार बसत असतात. ज्याला दहा वर्षं कवळीने मऊ भात खायची सवय होती तो आता किती जोराने चावेल, हे त्यालाही माहीत नसतं. त्या वर्षात ॲक्रिलिकचा जो दात निखळतो तो मला सांगतो की जोर कुठे जास्त येतोय. तो निखळलेला दात ही माझ्यासाठी खबर असते. झिर्कोनिया अशी खबर देत नाही. ते एक तर काहीच बोलत नाही, नाही तर एके दिवशी कडेपासून कडेपर्यंत चिरतं, आणि ती चीर सांधता येत नाही. सगळा जबडा नवा करावा लागतो.

वर्षभराने सगळं स्थिर असेल तर झिर्कोनियाला माझा विरोध नाही. मात्र समोर काय आहे ते बघून. समोर काढता येणारी कवळी असेल तर इम्प्लांटवर ॲक्रिलिकच बरा, नाही तर कवळीचे दात झिजून जातात. दोन्ही जबड्यांत इम्प्लांट असतील तर दोन्हीकडे झिर्कोनिया घालू नये असं माझं ठाम मत आहे. एका बाजूला तरी मोडू शकणारं काही हवं. शिवाय दोन्हीकडे झिर्कोनिया असलेल्या माणसाचे दात बोलताना टक-टक वाजतात. एका भजनी मंडळातल्या काकूंनी मला सांगितलं होतं, "अभंग म्हणताना मलाच माझे दात ऐकू येतात." त्यांचा वरचा जबडा आम्ही ॲक्रिलिकवर आणला तेव्हा त्या पुन्हा पुढच्या रांगेत बसायला लागल्या. झोपेत दात खाणाऱ्यांना कुठलंही साहित्य दिलं तरी रात्री लावायचा गार्ड द्यायलाच हवा. तो घालणार नाही म्हणणाऱ्याला मी झिर्कोनियाचा अख्खा जबडा करून देत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. मोडायला सोपं म्हणजे वारंवार मोडणारं. वारंवार मोडणारं म्हणजे वारंवार खेपा. जतजवळच्या एका गावातून एसटीने येणाऱ्या निवृत्त कंडक्टरांचा प्रत्येक फेरीला अख्खा दिवस जातो, बरोबर मुलगा आला तर त्याचीही मजुरी बुडते. त्यांना "बघू, मोडलं तर बदलू" असं सांगणं सोपं आहे, त्याची किंमत ते भरतात. त्यांच्या एका दाढेसाठी मी एकसंध, तीन टक्के यिट्रियाचं, स्क्रूचं झिर्कोनिया घातलं, चावा नेहमीपेक्षा हलका ठेवला आणि पुढच्या दातासाठी लिथियम डायसिलिकेट वापरलं, कारण पुढच्या दातावर जोर कमी आणि दिसणं महत्त्वाचं. म्हणजे मी मजबूत साहित्य टाळलं नाही. मोडण्याची जागा कॅपवरून काढून स्क्रूवर आणली, आणि जतच्याच एका तरुण डॉक्टरांना त्या कंपनीचा स्क्रूड्रायव्हर कोणता ते कळवून ठेवलं. दुरुस्ती कोण करणार, हे ठरल्यावर साहित्य ठरलं. हेच काम पुण्यात राहणाऱ्या, दर सहा महिन्यांनी तपासायला येणाऱ्या माणसासाठी मी वेगळं केलं असतं.

बाजारात याला उत्तर म्हणून वॉरंटी कार्ड दिलं जातं: दहा वर्षं, पंधरा वर्षं, काही ठिकाणी 'लाइफटाइम'. ते कार्ड बहुतेक वेळा कॅपपुरतं असतं. हाड टिकेल याची वॉरंटी कोणी देत नाही, देऊ शकतही नाही. पंधरा वर्षांच्या कार्डाकडे पाहून रुग्ण निश्चिंत होतो आणि तपासायला यायचं बंद करतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

मागच्या वर्षी न्यू जर्सीहून एका ओळखीच्या मुलाचा रात्री फोन आला. आई सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेली होती, इम्प्लांटवरचा दात हलायला लागला होता. नुसता स्क्रू ढिला झाला होता, तोही पूर्ण बाहेर आला नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, कुठल्या व्यासाचं? आईंनी ते काम दुसऱ्या शहरात करून घेतलं होतं. त्या दवाखान्याने बिल दिलं होतं, वॉरंटी कार्ड दिलं होतं, पण त्यावर इम्प्लांटचं नाव नव्हतं. एक्स-रेवरून अंदाज बांधत, जगभरातल्या शेकडो कंपन्यांचे आकार ताडत मी आणि तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस घालवले. स्क्रूड्रायव्हर सापडला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. शेवटी तो दात कापावा लागला. तो झिर्कोनियाचा होता, चांगल्या प्रतीचा, त्याला एक ओरखडाही नव्हता.

तासगावच्या काकांनी अखेर एकसंध झिर्कोनियाची, टायटॅनियम बेसवर स्क्रूने बसवलेली कॅप घेतली. त्यांच्या हातात मी एक जाड कागद दिला, तो त्यांनी ट्रॅक्टरच्या कागदांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. त्यावर इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी आणि बसवल्याची तारीख आहे. बेसचा प्रकार आणि स्क्रूला कोणता ड्रायव्हर लागतो, किती टॉर्कने आवळलाय ते आहे. कॅप कशाची, झिर्कोनिया असेल तर किती यिट्रियाचं, कुठल्या लॅबने केली आणि तिची डिजिटल फाइल कोणाकडे आहे हेही आहे. ती फाइल जपली असेल तर तीच कॅप दोन वर्षांनी पुन्हा कोरता येते.

तुमच्या किंवा तुमच्या आईवडिलांच्या तोंडात इम्प्लांट असेल, तर हा कागद आपल्या डॉक्टरांकडून मागून घ्या. नवीन बसवणार असाल तर कॅप कशाची हे ठरवण्याआधी मागा, आणि कॅप बसल्याच्या दिवशी तो घेतल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नका.